आलेक्सी कारेल

आलेक्सी कारेल, इंग्रजी उच्चारानुसार ॲलेक्सिस कॅरेल (२८ जून १८७३ – ५ नोव्हेंबर १९४४), हे फ्रेंच शल्यचिकित्सक आणि जीववैज्ञानिक होते. तुटलेल्या रक्तवाहिन्या सुईदोऱ्याने जोडण्याची खात्रीशीर पद्धत त्यांनी शोधून काढली. या पद्धतीसाठी, तसेच रक्तवाहिन्या व अवयव यांच्या प्रतिरोपणासंबंधीच्या कार्यासाठी त्यांना १९१२ सालचे शरीरक्रियाविज्ञान व वैद्यकाचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. शरीरातून वेगळी केलेली ऊतके गोठणबिंदूच्या किंचित वरच्या तापमानात ठेवली, तर ती काही काळ जिवंत राहतात आणि पुन्हा शरीरात रुजवता येतात, हे त्यांनी पद्धतशीर प्रयोगांनी दाखवून दिले. मूत्रपिंडाच्या प्रतिरोपणापासून केशरोपणापर्यंत आज जेथे जेथे कलम काढणे आणि ते बसवणे यांच्यामध्ये काही वेळ जातो, तेथे तेथे हे तत्त्व वापरले जाते.

कारेल यांच्या नावाला दुसरी बाजूही आहे. उत्तरायुष्यात त्यांनी सुप्रजननवादाचा पुरस्कार केला आणि जर्मनव्याप्त फ्रान्समधील व्हिशी राजवटीच्या आश्रयाने एक संस्था चालवली. त्यामुळे त्यांच्या शास्त्रीय कार्याविषयी आदर आणि त्यांच्या सामाजिक विचारांविषयी तीव्र आक्षेप असे दोन्ही सूर त्यांच्याविषयीच्या लेखनात आढळतात.

बालपण व शिक्षण

कारेल यांचा जन्म फ्रान्समधील लियाँ शहराजवळच्या सेंत-फ्वा-ले-लियाँ या गावी एका सधन कॅथलिक कुटुंबात झाला. वडील कापडाच्या व्यवसायात होते. आलेक्सी पाच वर्षांचे असतानाच वडिलांचे निधन झाले आणि आईने मुलांना वाढवले. जन्माच्या वेळी त्यांचे नाव मारी-जोझेफ-ओग्युस्त असे होते. वडिलांच्या मृत्यूनंतर त्यांचेच आलेक्सी हे नाव त्यांनी धारण केले.

शालेय शिक्षण लियाँमधील जेझुइट पंथीयांच्या शाळेत झाले. पुढे त्यांनी लियाँ विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि १९०० साली वैद्यकाची पदवी मिळवली. या काळात त्यांनी शहरातील रुग्णालयांत काम केले आणि विद्यापीठात शरीररचनाशास्त्र शिकवले. हाताचे कसब आणि प्रयोग करण्याची आवड हे दोन गुण याच वर्षांत त्यांच्या ठायी दिसू लागले होते.

रक्तवाहिन्यांच्या शिवणीचा शोध

२४ जून १८९४ रोजी फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो लियाँ येथील प्रदर्शनाच्या निमित्ताने शहरात आले होते. तेथे कासेरियो नावाच्या इटालियन अराजकवाद्याने त्यांच्यावर खंजिराने वार केला. या वारात आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणारी मोठी नीला तुटली. शहरातील नामवंत शल्यचिकित्सक उपस्थित असूनही रक्तस्राव थांबवता आला नाही आणि मध्यरात्रीनंतर कार्नो यांचे निधन झाले.

त्या काळी मोठी रक्तवाहिनी तुटली, तर ती बांधून टाकणे एवढाच उपाय शल्यचिकित्सकांच्या हाती होता. बांधलेल्या वाहिनीतून रक्त पुढे जात नसे. त्यामुळे हातापायाची वाहिनी असेल तर अवयव कुजण्याचा धोका असे आणि यकृताकडे जाणाऱ्या नीलेसारखी वाहिनी असेल तर तेवढाही उपाय उपयोगी पडत नसे. वाहिनी जोडण्याचे काही प्रयत्न झाले होते. कोणी हाडाच्या किंवा धातूच्या नळ्या व कडी वापरली होती, कोणी एक टोक दुसऱ्या टोकात सरकवून पाहिले होते. परंतु जोडाच्या जागी रक्ताची गुठळी होऊन वाहिनी बंद पडे, किंवा जोड गळत राहून रक्तस्राव होई. वीस वर्षांच्या कारेल यांच्या मनावर कार्नो यांच्या मृत्यूचा खोल ठसा उमटला. कापड शिवता येते तर रक्तवाहिनी का शिवता येऊ नये, या प्रश्नाने त्यांच्या संशोधनाची दिशा ठरवली.

लियाँ ही रेशमाची आणि भरतकामाची नगरी होती. मादाम लरूदिये या तेथील निष्णात भरतकाम करणाऱ्या बाईंकडून कारेल यांनी अतिशय बारीक सुई व रेशमी धागा हाताळण्याचे शिक्षण घेतले. शल्यचिकित्सकाने भरतकाम शिकावे, ही गोष्ट आज गमतीची वाटेल. पण धाग्याचा ताण सर्वत्र सारखा राखणे आणि नाजूक पदराला भोक न पाडता टाका घालणे ही कौशल्ये त्यांना वैद्यकाच्या कोणत्याही ग्रंथात मिळाली नसती.

१९०२ साली त्यांनी आपली पद्धत लियाँमधील वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. तुटलेल्या वाहिनीची दोन्ही टोके समोरासमोर आणून परिघावर सारख्या अंतरावर तीन टाके घालावयाचे आणि ते तीन दिशांना हलकेच ताणून धरावयाचे, अशी ही पद्धत होती. असे केल्याने वाहिनीचे गोल तोंड त्रिकोणी होते. मग त्रिकोणाची एकेक सरळ बाजू सलग शिवणीने जोडत जाता येते. गोलाकार कडेपेक्षा सरळ कड शिवणे सोपे असते आणि समोरची भिंत चुकून टाक्यात सापडत नाही. धागा व सुई यांना ते व्हॅसलीन लावत, त्यामुळे छिद्रातून रक्त पाझरत नसे. वाहिनीचे आतले नाजूक अस्तर चिमट्याने चेपू नये आणि जंतुसंसर्ग होऊ देऊ नये, या दोन नियमांबाबत ते कमालीचे काटेकोर होते. गुठळी होण्याचे मुख्य कारण अस्तराची इजा आणि संसर्ग हेच असल्याचे त्यांनी ओळखले होते. त्रिकोणी शिवणीची ही पद्धत पुढे जगभरच्या शल्यचिकित्सकांनी स्वीकारली.

लूर्दचा प्रसंग आणि देशत्याग

१९०२ साली कारेल रुग्ण यात्रेकरूंच्या आगगाडीबरोबर वैद्य म्हणून लूर्द या कॅथलिक तीर्थक्षेत्री गेले. गाडीत क्षयामुळे उदराचा गंभीर विकार झालेली मारी बाई नावाची एक तरुणी होती. तिची प्रकृती मरणासन्न असल्याचे कारेल यांनी स्वतः तपासून नोंदवले होते. लूर्द येथे काही तासांतच तिच्या प्रकृतीत मोठी सुधारणा झाली. कारेल यांनी जे पाहिले ते लपवले नाही. मात्र त्याला चमत्कार म्हणण्याचीही त्यांची तयारी नव्हती.

त्यामुळे दोन्ही पक्ष नाराज झाले. धार्मिक मंडळींना ते संशयखोर वाटले, तर त्या काळच्या धर्मविरोधी वैद्यकवर्तुळात ते भोळसट ठरले. लियाँच्या रुग्णालयात कायमची जागा मिळण्याची आशा मावळली आणि १९०४ साली त्यांनी फ्रान्स सोडून कॅनडाची वाट धरली. लूर्दच्या अनुभवावर त्यांनी लिहिलेले पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले.

शिकागोतील संशोधन

माँट्रियल येथे थोडा काळ काढल्यावर कारेल शिकागो विद्यापीठाच्या हल शरीरक्रियाविज्ञान प्रयोगशाळेत रुजू झाले. तेथे १९०४ ते १९०६ या काळात त्यांनी चार्ल्स क्लॉड गथ्री या अमेरिकी शरीरक्रियावैज्ञानिकाबरोबर काम केले. दोघांनी कुत्रे व मांजरे यांच्यावर प्रयोग करून रोहिणीच्या जागी नीलेचा तुकडा बसवणे, मूत्रपिंड व अवटू ग्रंथी यांचे प्रतिरोपण करणे आणि तोडलेला पाय पुन्हा जोडणे अशा अनेक शस्त्रक्रिया केल्या. त्यांचे शोधनिबंध बहुतांशी संयुक्त नावाने प्रसिद्ध झाले.

अवयवाची बारीक वाहिनी थेट शिवण्याऐवजी ती ज्या मोठ्या वाहिनीतून फुटते, तिच्या भिंतीचा छोटा तुकडाही सोबत कापून घ्यावा आणि तो ठिगळासारखा नव्या जागी शिवावा, ही युक्ती याच काळातील आहे. मूत्रपिंडाच्या प्रतिरोपणात ती आजही वापरली जाते आणि कारेल यांच्या नावानेच ओळखली जाते. नोबेल पारितोषिक मात्र एकट्या कारेल यांना मिळाले. गथ्री यांच्या वाट्याला यायला हवे होते ते श्रेय त्यांना मिळाले नाही, असे मत अनेक इतिहासकारांनी नोंदवले आहे.

रॉकफेलर संस्थेतील कार्य

१९०६ साली कारेल न्यूयॉर्कच्या रॉकफेलर वैद्यकीय संशोधन संस्थेत दाखल झाले आणि पुढील तीन दशकांहून अधिक काळ ही संस्थाच त्यांची मुख्य कर्मभूमी राहिली. त्यांच्या शस्त्रक्रियागृहात ते स्वतः व त्यांचे सहायक काळे झगे आणि काळ्या टोप्या घालत. पांढऱ्या कपड्यांवरून परावर्तित होणारा प्रकाश डोळ्यांना त्रास देतो, म्हणून ही व्यवस्था होती. भेट देणाऱ्यांना या दृश्याचे मोठे नवल वाटे.

१९०८ साली न्यूयॉर्कमधील एका नवजात बालिकेला रक्तस्रावाच्या विकाराने ग्रासले. कारेल यांनी तिच्या पित्याच्या मनगटाजवळची रोहिणी बालिकेच्या पायातील नीलेशी शिवून पित्याचे रक्त थेट तिच्या शरीरात दिले आणि तिचा जीव वाचला. रक्त गोठू न देता साठवण्याची पद्धत तेव्हा अजून अस्तित्वात आलेली नव्हती, हे ध्यानात घेतले म्हणजे या शस्त्रक्रियेचे महत्त्व कळते.

याच वर्षी त्यांनी एका कुत्रीचे एक मूत्रपिंड काढून, धुऊन, पुन्हा तिच्याच शरीरात बसवले आणि नंतर दुसरे मूत्रपिंड काढून टाकले. ती कुत्री दोन वर्षांहून अधिक काळ निरोगी राहिली. परंतु एका प्राण्याचे मूत्रपिंड दुसऱ्या प्राण्याला बसवले की ते काही काळ काम करून निकामी होई. शिवण उत्तम असूनही असे घडते, हे पाहून कारेल यांनी अचूक निष्कर्ष काढला. त्यांच्या मते शल्यक्रियेचा भाग सुटलेला होता आणि उरलेली अडचण जैविक होती. स्वतःचे ऊतक शरीर स्वीकारते, परके ऊतक नाकारते. या नकाराची यंत्रणा स्पष्ट होण्यासाठी १९४० नंतरच्या दशकांतील संशोधनाची वाट पाहावी लागली.

ऊतकांचे शीतसंरक्षण

वाहिन्या शिवता येऊ लागल्यावर पुढचा प्रश्न होता तो वेळेचा. कलम हवे असेल त्या क्षणी ते उपलब्ध असेलच असे नाही. म्हणून ते आधी काढून जपून ठेवता आले पाहिजे. या विचाराने कारेल यांनी कुत्र्यांच्या रोहिण्यांचे तुकडे निर्जंतुक नळ्यांत क्षारयुक्त लॉक द्रावणात बुडवून शीतपेटीत ठेवले. तापमान शून्य अंश सेल्सियसच्या किंचित वर राखले जाई. काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी हे तुकडे दुसऱ्या प्राण्यांच्या वाहिन्यांमध्ये शिवले जात आणि त्यांचे काय होते ते महिनोन्‌महिने पाहिले जाई. अनेक तुकड्यांमधून रक्तप्रवाह उत्तम चालू राहिला. मनुष्याच्या कापाव्या लागलेल्या पायातील रोहिणीचा थंडीत ठेवलेला तुकडा एका कुत्रीच्या महारोहिणीत बसवण्याचा प्रयोगही त्यांनी यशस्वी केला.

१९१० साली त्यांनी रोहिण्यांच्या सुप्त जीवनाविषयी एक शोधनिबंध लिहिला. त्यातील मांडणी त्यांच्या कार्याचा गाभा आहे. शरीरातून वेगळे झालेले ऊतक त्याच क्षणी मरत नाही. त्याचे जीवनव्यापार थांबल्यासारखे दिसले, तरी काही काळ ते पुन्हा सुरू होऊ शकतात. ही अवस्था म्हणजे सुप्त जीवन होय. ती संपली आणि पेशींची रचना मोडली, म्हणजे खरा मृत्यू येतो. थंडी मृत वस्तूला जिवंत करीत नाही, ती सुप्त जीवनाची मुदत वाढवते.

याचे कारण आज अधिक नेमकेपणाने सांगता येते. रक्तपुरवठा तुटला की पेशींना प्राणवायू व पोषण मिळेनासे होते आणि साठलेली ऊर्जा झपाट्याने संपते. ऊर्जा संपली की पेशीच्या आवरणातून क्षारांची ने-आण करणारी यंत्रणा बंद पडते, पेशीत पाणी शिरते, ती फुगते आणि अखेर फुटते. तापमान दर १० अंशांनी उतरले की जीवरासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने निम्मा होतो. म्हणजे शरीराच्या ३७ अंशांवरून ४ अंशांपर्यंत आणलेल्या ऊतकाची ऊर्जेची गरज सुमारे दहाव्या हिश्श्यावर येते. शिल्लक पुंजी तेवढीच असली, तरी खर्च कमी झाल्याने ती अधिक काळ पुरते. मात्र थंडी वाढवत नेऊन ऊतक गोठू दिले, तर पाण्याचे स्फटिक बनून पेशींची आवरणे फाटतात. म्हणूनच गोठणबिंदूच्या जवळ, पण त्याच्या वर, ही मर्यादा महत्त्वाची ठरते.

आणखी एक भेद कारेल यांच्या लक्षात आला. उष्णतेने किंवा रसायनांनी मारलेली रोहिणीही काही वेळा नळी म्हणून काम देत असे. तिच्या मूळ पेशी नाहीशा होत आणि यजमान प्राण्याचे ऊतक त्या सांगाड्यावर वाढे. म्हणजे बसवलेली वाहिनी टिकली, एवढ्यावरून ती जिवंत होती असे ठरत नाही. ज्या कलमाला नुसती पोकळ नळी न राहता स्वतःचे काम करायचे आहे, ते मात्र जिवंत असतानाच बसवले पाहिजे. १९१२ साली त्यांनी ऊतकांचे संरक्षण आणि शल्यक्रियेतील त्याचे उपयोग या विषयावर निबंध प्रसिद्ध केला आणि त्वचेसारख्या अन्य ऊतकांनाही हे तत्त्व लागू केले. ऊतकांचा साठा करून ठेवण्याची कल्पना पुढे ऊतकपेढ्यांच्या रूपाने प्रत्यक्षात आली.

नोबेल पारितोषिक

१९१२ साली, वयाच्या ३९ व्या वर्षी, कारेल यांना नोबेल पारितोषिक देण्यात आले. अमेरिकेत केलेल्या वैद्यकीय संशोधनाला मिळालेले हे पहिलेच नोबेल होते. कारेल यांनी फ्रेंच नागरिकत्व अखेरपर्यंत सोडले नाही, त्यामुळे दोन्ही देशांत या सन्मानाचा आनंद व्यक्त झाला. १९१३ साली त्यांचा विवाह आन-मारी-लॉर द ला मोत यांच्याशी झाला. त्या पूर्वी विधवा झालेल्या होत्या आणि त्यांना पहिल्या विवाहापासून एक मुलगा होता. या दांपत्याला अपत्य झाले नाही.

ऊतक संवर्धन

शरीराबाहेर ऊतक केवळ टिकवून न ठेवता ते वाढवता येईल का, हा प्रश्न कारेल यांना स्वाभाविकपणे पडला. रॉस हॅरिसन या अमेरिकी वैज्ञानिकाने १९०७ साली बेडकाच्या चेतापेशी काचेवर वाढवून दाखवल्या होत्या. कारेल व त्यांचे सहकारी माँट्रोज बरोज यांनी ही पद्धत उष्ण रक्ताच्या प्राण्यांसाठी विकसित केली. १७ जानेवारी १९१२ रोजी कोंबडीच्या गर्भाच्या हृदयाचा एक तुकडा संवर्धनासाठी ठेवण्यात आला. त्यातून निघालेल्या पेशींची परंपरा कारेल यांचे सहकारी आल्बर्ट एबलिंग यांनी १९४६ पर्यंत, म्हणजे ३४ वर्षे, चालू ठेवली.

या प्रयोगावरून योग्य पोषण मिळाल्यास शरीराबाहेरील पेशी अमर असतात, असे अनेक वर्षे मानले गेले. वृत्तपत्रांनी त्याला मोठी प्रसिद्धी दिली. परंतु इतर प्रयोगशाळांना तसे निष्कर्ष मिळेनात. १९६१ साली लिओनार्ड हेफ्लिक यांनी मनुष्याच्या सामान्य पेशी ठरावीक वेळाच विभागतात, असे दाखवून दिले. कारेल यांच्या संवर्धनात पोषक रसाबरोबर नव्या गर्भपेशी नकळत वा जाणूनबुजून मिसळल्या जात असाव्यात, असे स्पष्टीकरण आज दिले जाते. तंत्र म्हणून ऊतक संवर्धन टिकले, त्यावरून काढलेला अमरत्वाचा निष्कर्ष मात्र टिकला नाही.

पहिले महायुद्ध

१९१४ साली युद्ध सुरू झाले तेव्हा कारेल फ्रान्समध्ये होते आणि त्यांना सैन्यात बोलावण्यात आले. खंदकांच्या चिखलात माखलेल्या जखमा सडून सैनिक मरत होते. प्रतिजैविके तेव्हा नव्हती. काँपियेन्य येथील रुग्णालयात कारेल यांनी हेन्री डेकिन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाच्या साहाय्याने जखमा निर्जंतुक करण्याची पद्धत बसवली. डेकिन यांनी तयार केलेले सुमारे अर्धा टक्का सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण जंतू मारत असे, पण ऊतकांना फारसे जाळत नसे. मृत ऊतक कापून काढल्यावर जखमेत रबरी नळ्या बसवून ठरावीक वेळाने हे द्रावण सोडावयाचे, अशी कारेल यांची रीत होती. जखम शिवण्याची वेळ ठरवताना सूक्ष्मदर्शकाखाली जंतूंची मोजणी केली जाई. कारेल-डेकिन पद्धतीने असंख्य सैनिकांचे हातपाय आणि प्राण वाचले. कारेल यांच्या पत्नीने या रुग्णालयात परिचारिका म्हणून काम केले.

लिंडबर्ग आणि काचेचे हृदय

अटलांटिक महासागर विमानाने एकट्याने पार करणारे चार्ल्स लिंडबर्ग यांची व कारेल यांची भेट १९३० साली झाली. लिंडबर्ग यांच्या मेहुणीला हृदयाच्या झडपेचा विकार होता. हृदय थांबवून त्यावर शस्त्रक्रिया का करता येत नाही, असा प्रश्न लिंडबर्ग यांना पडला होता. त्यातून दोघांचे सहकार्य सुरू झाले. लिंडबर्ग यांनी काचेचा एक पंप तयार केला. त्यातून पोषक द्रव हृदयाच्या ठोक्यांप्रमाणे लयीत अवयवात खेळवला जाई आणि जंतू आत शिरत नसत. १९३५ साली मांजराची अवटू ग्रंथी आणि त्यानंतर अन्य अवयव या पंपावर काही दिवस जिवंत ठेवण्यात आले. १९३८ साली अवयवांच्या संवर्धनावर दोघांचे संयुक्त पुस्तक निघाले. थंडीत अवयवाचे व्यवहार मंद करून तो टिकवता येतो, तर पंपाद्वारे त्याला पोषण देत राहूनही टिकवता येतो. या दोन्ही वाटा आजच्या अवयव संरक्षणात वापरात आहेत.

सुप्रजननवाद आणि अखेरची वर्षे

१९३५ साली कारेल यांनी मनुष्याविषयीचे आपले विचार मांडणारे पुस्तक प्रसिद्ध केले. मूळ फ्रेंच शीर्षकाचा अर्थ मानव, हा अज्ञात असा होतो. अनेक भाषांत त्याची भाषांतरे झाली आणि ते प्रचंड खपले. शरीर व मन यांचा एकत्रित विचार व्हावा, हा त्यातील आग्रह अनेक वाचकांना भावला. त्याच पुस्तकात मात्र त्यांनी समाजाचे नेतृत्व जन्मजात श्रेष्ठ अशा थोड्यांकडे असावे, असा विचार मांडला. गंभीर गुन्हेगार आणि गुन्हा केलेले मनोरुग्ण यांना विषारी वायूने मृत्यू देणाऱ्या संस्था असाव्यात, असेही त्यांनी सुचवले. १९३६ च्या जर्मन आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यांनी सदोष मानलेल्या व्यक्तींची संख्यावाढ रोखणाऱ्या जर्मन सरकारच्या उपायांची प्रशंसा केली. काही वर्षांतच त्या राजवटीने हजारो रुग्ण व अपंग व्यक्तींना वायूने ठार मारले. या हत्यांशी कारेल यांचा प्रत्यक्ष संबंध नव्हता. परंतु नोबेलविजेत्या शास्त्रज्ञाच्या नावाने अशा कल्पनांना मिळालेली प्रतिष्ठा हा त्यांच्यावरील मुख्य आक्षेप आहे.

१९३९ साली ते रॉकफेलर संस्थेतून निवृत्त झाले. युद्धकाळात ते फ्रान्सला परतले. नोव्हेंबर १९४१ मध्ये मार्शल पेतँ यांच्या व्हिशी सरकारने मानवी समस्यांच्या अभ्यासासाठी एक प्रतिष्ठान स्थापन केले आणि कारेल त्याचे प्रमुख झाले. पोषण, बालआरोग्य, लोकसंख्या आणि श्रम अशा विषयांवर तेथे संशोधन होई. युद्धानंतर याच प्रतिष्ठानाच्या जागी फ्रान्सची राष्ट्रीय लोकसंख्या अभ्यास संस्था उभी राहिली. ऑगस्ट १९४४ मध्ये पॅरिस मुक्त होताच कारेल यांना पदावरून दूर करण्यात आले आणि शत्रूशी सहकार्य केल्याचे आरोप त्यांच्यावर झाले. न्यायालयीन चौकशी होण्यापूर्वीच, ५ नोव्हेंबर १९४४ रोजी, हृदयविकाराने पॅरिस येथे त्यांचे निधन झाले. ब्रिटनी प्रांताच्या किनाऱ्यालगतच्या सें-जिल्दास या आपल्या लाडक्या बेटावर त्यांचे दफन करण्यात आले.

नंतरच्या काळातील उपयोग

१९५४ साली बोस्टन येथे जोझेफ मरी यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्याला बसवले आणि ते टिकले. समरूप जुळ्यांची ऊतके परस्परांना परकी नसल्याने नकाराचा प्रश्न उद्भवला नाही. पुढे नकार रोखणारी औषधे आली आणि अन्य दात्यांचे अवयव वापरता येऊ लागले. तेव्हा अवयव एका गावाहून दुसऱ्या गावी नेणे गरजेचे झाले. यासाठी शीत द्रावणे विकसित झाली. १९६९ साली कॉलिन्स यांचे द्रावण आणि १९८० नंतरच्या दशकात विस्कॉन्सिन विद्यापीठात बेल्झर व साउथर्ड यांनी तयार केलेले द्रावण ही त्यांतील प्रसिद्ध उदाहरणे होत. पेशी फुगू नयेत अशा रीतीने या द्रावणांतील क्षार व शर्करा निवडलेल्या असतात. बर्फात ठेवलेले मूत्रपिंड साधारण एक दिवस टिकते. हृदयाला मात्र चार ते सहा तासच मिळतात.

केशरोपण हे या तत्त्वाचे सर्वसामान्यांच्या परिचयाचे उदाहरण आहे. कारेल यांनी स्वतः केसांवर काम केलेले नव्हते. जपानी त्वचारोगतज्ज्ञ ओकुदा यांनी १९३९ साली केसांसहित त्वचेची छोटी गोल कलमे लावण्याची पद्धत प्रसिद्ध केली. न्यूयॉर्कचे नॉर्मन ओरेंट्राइक यांनी १९५९ साली दाखवून दिले की डोक्याच्या मागच्या भागातील केस टकलाच्या जागी लावले, तरी ते मूळ जागेचा टिकाऊ गुण सोडत नाहीत. येथे दाता व ग्राहक एकच व्यक्ती असल्याने शरीर कलम नाकारत नाही. स्वतःचे व परके ऊतक यांत कारेल यांनी पाहिलेला भेद येथे रुग्णाच्या पथ्यावर पडतो.

वेळेची अडचण मात्र राहतेच. एका बैठकीत एक ते चार केसांची हजारो बारीक कलमे काढली जातात आणि शेवटचे कलम बसेपर्यंत काही तास उलटतात. त्या वेळात ती रक्तपुरवठ्याविना असतात. म्हणून ती क्षारद्रावणात किंवा विशेष संरक्षक द्रावणात, सुमारे ४ अंश तापमानास ठेवण्याची प्रथा आहे. थंड क्षारद्रावणात ठेवलेल्या कलमांवरील एका सुपरिचित अभ्यासात पहिल्या काही तासांत दर तासाला साधारण एक टक्का कलमे गमावली जातात, असे आढळले. २४ तासांनंतर पाचपैकी चार आणि ४८ तासांनंतर निम्म्याहून थोडी अधिक कलमेच टिकली. थंडीइतकाच ओलावाही महत्त्वाचा असतो. उघड्यावर सुकलेले कलम थंडीने वाचत नाही. केसाचे मूळ हे रोहिणीप्रमाणे नळी म्हणून उपयोगी पडत नाही. त्यातील पेशी जिवंत राहिल्या तरच त्यातून केस उगवतो. लावलेला केस काही आठवड्यांत गळतो आणि नवा केस दिसू लागण्यास तीन ते चार महिने लागतात. म्हणून शीतसंरक्षणातील हलगर्जी शस्त्रक्रियेच्या दिवशी दिसत नाही, ती कित्येक महिन्यांनी उघड होते.

मूल्यमापन

तुटलेली वाहिनी जोडणे, काढलेले कलम जपणे आणि अवयव शरीराबाहेर जगवणे ही कारेल यांची तीन कार्ये परस्परांशी निगडित आहेत. प्रतिरोपण शल्यक्रियेच्या आद्य प्रवर्तकांत त्यांची गणना होते. १९७९ साली चंद्रावरील एका विवराला त्यांचे नाव देण्यात आले. दुसरीकडे, लियाँमधील त्यांच्या नावाच्या वैद्यक विद्याशाखेचे नाव १९९६ साली बदलून तिला स्टेथोस्कोपचे जनक रने लाएनेक यांचे नाव देण्यात आले. फ्रान्समधील अनेक शहरांनीही रस्त्यांना दिलेले कारेल यांचे नाव काढून टाकले.

शस्त्रक्रियागृहात मात्र त्यांची शिवण, त्यांचे ठिगळ आणि कलम थंड ठेवण्याची त्यांची रीत कायम आहे. रक्तापासून तुटलेल्या मांसाच्या तुकड्यातही जीव शिल्लक असतो आणि तो वाचवणे शक्य असते, हे त्यांनी वैद्यकाला शिकवले. त्याच लेखणीने त्यांनी काही माणसांच्या जगण्याचा हक्क नाकारला. त्यांच्या चरित्राचा अभ्यास करताना या दोन्ही गोष्टी एकत्रच वाचाव्या लागतात.